सीलबंद खोक्यातले पाहुणे

ईशान, रेवा,

हे तुमच्यासाठी लिहिते आहे, पण पाठवते आहे गूढ अनुभवांच्या या सदराकडे. नुसतं तुम्हाला लिहायचं ठरवलं असतं तर मी त्यातली चार वाक्यं नक्की गाळली असती. तसं एकदा केलंही आहे, ते पुढे सांगते. अनोळखी वाचकांसमोर खोटं बोलायची मला जास्त लाज वाटते, म्हणून हा मार्ग. तुमच्या बाबांना म्हणावं, मोठ्याने वाचून दाखव. मंदार, वाचता वाचता तूही ऐक.

या सदरातले अनुभव मी गेली काही वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर पेन्सिल हातात घेऊन वाचते. दार आतून लावलं होतं हे कोणी पाहिलं? दिवा गेला तेव्हा शेजारचाही गेला होता का? बहुतेक अनुभव माझ्या दोन प्रश्नांत संपतात. तुमचे बाबा लहान असताना सोसायटीच्या गच्चीवर मुलं भुताच्या गोष्टी सांगत बसायची, तेव्हा मी वर जाऊन बल्ब लावून यायचे. अशी मी.

त्यात माझी नोकरीही तशीच होती. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका औषधांच्या कंपनीत मी पॅकिंग तपासायला होते. आत काय आहे ते मोजायचं, खोका बंद करायचा, टेप लावायची आणि टेपच्या कडेवर सही करायची — निम्मी टेपवर, निम्मी पुठ्ठ्यावर. टेप एकदा उचलली की सहीचे दोन तुकडे पुन्हा जुळत नाहीत, कितीही हुशारीने चिकटवा. ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. आमच्या माळ्यावरच्या हिवाळी कपड्यांच्या खोक्यावरसुद्धा माझी सही असते. तुमचे आबा चेष्टा करायचे, "हिला यमाने न्यायला यावं तर आधी सही तपासून घेईल."

ते चेष्टा करायचे ते दिवस गेले. आता आबांना विसरण्याचा आजार आहे. बोटं थरथरतात, शर्टाची बटणं मी लावते. हे तुम्हाला व्हिडिओ कॉलवर फारसं दिसत नाही, कारण कॉलच्या आधी मी त्यांना तयार करून बसवते.

आता त्या पार्सलविषयी.

ईशान, तुला आठवत असेल. ठाण्यातल्या एका संग्राहकाकडून तू तो मोठा पुतळा घेतलास आणि त्यांनी परदेशी पाठवायला नकार दिला, म्हणून तो आमच्या डोंबिवलीच्या पत्त्यावर आला. मला वाटलं होतं खेळणं म्हणजे वीतभर असेल. खोका दोन माणसांनी वर आणला.

"आजी, तूच रिव्ह्यू कर ना त्याचा," तू व्हिडिओ कॉलवर म्हणालास. "सिरियसली. आमच्या ग्रुपवर सगळे बोअर रिव्ह्यू करतात."

"मला त्यातलं काय कळतं?"

"तू बॉक्सेस इन्स्पेक्ट करायचीस ना? सेम थिंग. फक्त आत गोळ्यांऐवजी ऑर्डॅक."

"हा कोण?"

"तो ग्रह जाळतो."

"कशाला?"

"आजी... तो व्हिलन आहे!"

मग मी टॅबलेट डाळीच्या डब्यांना टेकवून उभा केला आणि तू सांगितलेल्या क्रमाने बोलत गेले. खोका, रंगकाम, सांधे, सोबतच्या वस्तू, शेवटी गुण. बाकीचे वाचक हे पहिल्यांदाच ऐकताहेत, म्हणून थोडक्यात सांगते. ऑर्डॅक दीड फूट उंच आहे. कातडी राखाडी-हिरवी, गळ्यात काटेरी पट्टा, अंगावर खऱ्या कापडाचा काळा झगा, आणि त्या झग्याच्या काठात तार, म्हणजे वारा असल्यासारखा फुगवून ठेवता येतो. डोळ्यांत लाल दिवे, पण त्यात घालायचे सेल सोबत दिले नव्हते, त्याचा मी एक गुण कापला. चेहऱ्यावर करुणा नाही म्हणून आणखी एक कापला, त्यावर तू पोट धरून हसलास.

हातांच्या तीन जोड्या होत्या. एक मुठींची, एक शस्त्र धरायची आणि एक उघड्या तळव्यांची. ती तिसरी जोडी मी भिंगाखाली धरून कॅमेऱ्याला दाखवली होती. तळव्यावरच्या रेषासुद्धा कोरलेल्या. बोटांत बारीक तारा, म्हणजे ती हवी तशी वाकवता येतात. मी विचारलं, दुष्ट माणसाला उघडा हात कशाला हवा? तू म्हणालास, तो त्याच हातातून आग सोडतो.

हात बदलणं मात्र सोपं नव्हतं. मनगटात खुंटी असते, ती आत जाता जात नाही. तू सांगितल्याप्रमाणे हात कढत पाण्यात बुडवून मऊ केले, फडक्यात धरून दाबले, तेव्हा कुठे ती खुंटी बसली. माझी बोटं दोन दिवस दुखत होती. हे लक्षात ठेवा.

आमचं हे चाललेलं असताना आबा आतल्या खोलीतून आले. दारातच थांबले. टीपॉयवर उभ्या असलेल्या ऑर्डॅककडे बघून त्यांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली.

"कोण आलंय?"

"कोणी नाही हो. ईशानची बाहुली आहे."

"आजी! डोन्ट से बाहुली!" हे तू.

आबा समोरच्या खुर्चीत बसले. "अगं, पाहुण्यांना पाणी दिलंस का?"

शेजारच्या मढवी वहिनी डोकावल्या आणि कपाळाला हात लावला. "आगो माई, यो राक्षेस कनाला आनलास घरान? न तोपन देवाच्या समोर!"

"राक्षस नाही, पाहुणे आहेत," आबा रागावून म्हणाले. "वहिनी, बसा तुम्हीपण."

त्या दिवशी मी खरं म्हणजे तो परत खोक्यात भरणार होते. तू बजावलं होतंस, जसा आला तसाच ठेव, तरच त्याला संग्रहात मान असतो. पण नाही भरला. त्याचं कारण सांगते.

आबांना रोज दिवेलागणीच्या सुमाराला घरी जायचं असायचं. या घरात राहून त्यांना चाळीस वर्षं झाली, तरी त्यांना घरी जायचं असायचं. टोपी घालायची, चपला घालायच्या, दाराशी जायचं, "चला, उशीर झाला." मी अडवलं की दार बडवायचे. हा तास-दोन तासांचा रोजचा झगडा होता, आणि तो संपल्यावर मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहायचे. तर ऑर्डॅक आला त्या संध्याकाळी आबांनी टोपी घातली, चपला घातल्या, आणि हॉलमध्ये येऊन थबकले. मग हळूच टोपी काढली.

"पाहुणे बसलेत," मला कुजबुजून म्हणाले. "मी कसा जाऊ?"

पाहुणा घरात बसलेला असताना यजमानाने उठून जायचं नसतं. एवढं सगळं पुसलं गेलं, पण हे त्यांच्यात कुठेतरी खोल राहिलं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. आबा त्याच्यासमोर बसायचे, त्याच्याशी हवापाण्याच्या गोष्टी करायचे, आणि मी शांतपणे पोळ्या लाटायचे. ग्रह जाळणाऱ्याने आमच्या घरात पाऊस-पाणी, भाज्यांचे भाव, सगळं ऐकून घेतलं. मीसुद्धा एक-दोनदा कपबशी त्याच्यासमोर ठेवली. आबांसाठी.

मग सत्यनारायण होता मढवींकडे. त्यांनी प्रसादाचा शिरा पाठवला, आणि मी फोनवर असताना आबांनी तो पाहुण्यांना भरवला. झग्यावर तूप, गळ्यातल्या पट्ट्याच्या काट्यांत रवा. ईशान, मला तुझं तोंड दिसायला लागलं डोळ्यांसमोर. तुम्ही दिवाळीला येणार, तू मोठ्या हौसेने खोका उघडणार, आणि आत तुपाचा डाग. मी साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने, मग टाल्कम पावडरने तो डाग काढत बसले. निघाला. पण मला इतका राग आला होता... तुझ्या पुतळ्यापेक्षाही माझ्या व्यवस्थितपणाला डाग लागल्याचा राग असावा तो.

त्याच दुपारी मी तो परत भरला. आणि रिव्ह्यूचा शेवटचा भाग म्हणून ते भरणंही चित्रित केलं. तुला पाठवलेला तो व्हिडिओ तुझ्याकडे आहे. त्यात मी एकेक वस्तू कॅमेऱ्याला दाखवून ट्रेच्या खोबणीत ठेवते. पुतळ्याच्या मनगटांवर मुठी. खोबणीत शस्त्र धरायचे दोन हात. खोबणीत उघडा डावा, उघडा उजवा. नंतर झाकण, टेप, सही.

त्यातला मधला एक तुकडा मी कापला होता. रेवाने मला कापायला शिकवलं होतं ना, ते असं वापरलं. मूळ चित्रण टॅबलेटमध्ये आहे. तुम्ही आलात की दाखवीन. त्यात माझे हात दिसतात, आणि आबांचा आवाज आहे.

"त्यांना आत नको घालू. अंधार आहे तिथे."

"प्लास्टिक आहे हो ते."

"पाहुण्यांना असं पाठवतात का? हातावर दही तरी घाल त्यांच्या. परत येतील."

आमच्याकडे कोणी गावाला निघालं की हातावर दही घालतात. तुम्ही परत जाता तेव्हा तुमच्याही घालते मी.

"त्याच्या मुठी वळलेल्या आहेत. कुठे घालू दही?"

"मग उघड ना हात त्यांचा."

यावर मी जे बोलले ते असं, "तुम्हाला आता काहीही कळत नाही. गप्प एका जागी बसा." ओरडून नाही. अगदी सावकाश, स्पष्ट शब्दांत, कंपनीत नव्या मुलींशी बोलायचे तसं. नंतर आबांचा आवाज नाही. टेपचा आवाज आहे.

मढवी वहिनींच्या यजमानांनी खोका माळ्यावर चढवून दिला. न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळाच्या वर आमचा माळा आहे, तुम्हाला माहीत आहे. शिडी त्यांचीच, ती ते परत घेऊन गेले.

त्या संध्याकाळी आबांनी टोपी घातली, चपला घातल्या आणि हॉलमध्ये आले. टीपॉयकडे पाहिलं. मग दार बडवायला लागले.

आता तो दिवस, त्यानंतर तीनेक आठवड्यांनी.

मला ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. मी अशी बाहेर जाते तेव्हा आबांना घरात ठेवून बाहेरून कुलूप लावते. हे तुम्ही पहिल्यांदाच ऐकता आहात. एरवी किल्ली मढवी वहिनींकडे असते आणि त्या मधून मधून बघून जातात. त्या दिवशी त्या यजमानांबरोबर टिटवाळ्याला गणपतीला गेल्या होत्या. मला ते माहीत होतं. आदल्या दिवशी त्यांनीच सांगितलं होतं, "माई, उद्या नको जावस, मी नाय घरान." मी म्हटलं, जेवणाच्या आत परत येईन. आबांना नाश्ता दिला, टीव्ही लावला आणि कुलूप लावलं. कुलूप ओढूनही पाहिलं, नेहमीसारखं.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, तपासणी झाली, आणि मी मोकळी झाले. अजून सकाळच होती. सरळ स्टेशनवर जायला हवं होतं. पण बाहेर पडले तर रस्ता सगळा पांढरा, धूसर, आणि कोणी मला हाक मारत नव्हतं. मी एका जुन्या उपाहारगृहात शिरले. मेनू वाचता येत नव्हता, म्हणून पाठ असलेलं मागवलं, साबुदाणा वडा आणि पीयूष. सावकाश खाल्लं. मग दुसरं पीयूष मागवलं. मंदार, मला ते फार आवडलं. तहान म्हणून नव्हतं, थकवा म्हणूनही नव्हतं. मला एकटीला बसायला आवडलं म्हणून मी बसून राहिले. उठले तेव्हा वेटर दुपारच्या थाळ्या मांडत होता.

कुलूप जसं लावलं होतं तसंच होतं. दार उघडलं तर टीव्ही चालू, खुर्ची रिकामी. आबा बोळात पडले होते, माळ्याच्या बरोबर खाली. डोक्यावर टोपी, एक चप्पल पायात आणि एक लांब. म्हणजे त्या दिवशी ते सकाळीच घरी जायला निघाले होते, दाराशी गेले होते, आणि कुलूप होतं म्हणून मागे वळले होते. दाराच्या आतल्या कडीला त्यांचा रुमाल अडकलेला होता.

मी किंचाळले असेन. आबांनी डोळे उघडले. मला वाटलं होतं, घाबरून रडकुंडीला आलेले असतील. साधा भांडं पडल्याचा आवाज झाला तरी ते बिथरतात. पण ते शांत होते. पाय वाकडा पडलेला, चेहरा पांढरा, आणि शांत.

"आलीस? जेवलीस का?" म्हणाले.

"कधी पडलात? अहो, किती वेळ—"

"मला नाही माहीत. पाहुणे होते ना."

वॉचमन आला, रिक्षा नको अॅम्ब्युलन्स बोलवा, असं सगळं झालं. कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. उजवी मूठ त्यांनी गच्च आवळलेली होती, वेदनेने असेल असं मला वाटलं. कंबरेचा एक्स-रे काढला. हात शेजारीच होता, तोही त्यात आला. तरुण डॉक्टर फिल्म बघत राहिले, मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

"काकू, खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन लागेल. पण हे काय आहे?"

माझे डोळे थेंबांनी अजून धूसर होते. तरीही ते दिसलं. आबांच्या मुठीची मोठी हाडं, आणि त्यांच्या मधोमध बारीक तारांची पाच बोटं. मोठ्या हाताच्या आत एक लहान हात.

"बाबा, कोणाचा हात पळवलात?" डॉक्टर हसत म्हणाले.

"पळवला नाही," आबा म्हणाले. "धरलाय."

ईशान, तो ऑर्डॅकचा उघडा तळहात होता. उजवा.

मला काय वाटलं ते ऐका. मला हायसं वाटलं. म्हटलं, भरताना चुकून तो बाहेर राहिला असणार, आबांनी उचलून खिशात ठेवला असणार. माणसाला किती पटकन उत्तर सापडतं! संध्याकाळी मी त्यांचे कपडे न्यायला घरी आले. मढवी वहिनी टिटवाळ्याहून परत आल्या होत्या आणि दाराशीच रडत उभ्या होत्या. त्यांच्या यजमानांना मी शिडी आणायला सांगितली. खोका उतरवताना झाकणावर धूळ होती, आणि तिच्यावर त्यांच्याच बोटांचे ठसे उमटले.

मी चष्मा पुसला, बॅटरी आणली आणि टेप तपासली. एकच काम मला येतं, ते मी नीट केलं. सही अखंड होती. टेपवरून पुठ्ठ्यावर जाणारी रेघ कुठेही तुटलेली नव्हती. खालची बाजू तपासली, चारही कडा तपासल्या. तो खोका मी बंद केल्यानंतर कोणीही उघडलेला नव्हता. कोर्टात सांगेन.

मग त्या दोघांच्या देखत टेप कापली.

ऑर्डॅक आडवा होता, मी ठेवला होता तसा. डाव्या मनगटावर मूठ होती. उजवं मनगट रिकामं होतं, नुसती खुंटीची जागा. आणि ट्रेमध्ये, जिथे उघडा उजवा तळहात मी कॅमेऱ्याला दाखवून ठेवला होता, त्या खोबणीत मूठ होती. उजवी मूठ. नीट बसवून ठेवलेली, मी ठेवते तशी.

वहिनींनी पदर पुढे घेतला आणि पुतळ्याला नमस्कार केला. मी त्यांना हसले नाही.

मग मी व्हिडिओ पाहिला. तुम्हीही पाहा. उघडा उजवा तळहात खोबणीत जाताना स्वच्छ दिसतो, अंगठा वरच्या बाजूला. झाकण पडतं तेव्हा तो तिथे आहे. मनगटावर मूठ आहे. कापलेल्या तुकड्यात काही झालं असेल म्हणून मूळ चित्रणही पुन्हा पुन्हा पाहिलं. त्यात काही नाही. म्हणजे आहे, पण ते माझंच बोलणं आहे.

आता माझ्याच पेन्सिलने मी मला प्रश्न विचारते. आबांनी खोका उतरवला? ते स्टुलावरही चढू शकत नाहीत, आणि घरात शिडी नव्हती. टेप? सांगितलं. हात बदलला? मला कढत पाणी आणि फडकं लागलं होतं. आबांना बटण लावता येत नाही. दुसरा कोणी आला? कुलपाची दुसरी किल्ली वहिनींच्या कमरेला होती, टिटवाळ्याला. असा दुसरा हात सुटा मिळतो का? ठाण्याच्या त्या संग्राहकाला मी फोन करून विचारलं. तो म्हणाला, "आजी, सुटे पार्ट मिळत असते तर मी अख्ख्या फिगरचे एवढे पैसे मागितले असते का?" माझी स्मरणशक्ती? ती व्हिडिओत आहे.

प्रश्न संपले. उत्तर नाही.

आबांना मी एकदाच विचारलं, ऑपरेशननंतर, ते जरा भानावर होते तेव्हा. ते तुकड्या-तुकड्यांनी बोलले. "घरी निघालो. कुलूप होतं. हाका मारल्या." "पडलो. मग ते येऊन बसले. हात दिला. म्हणाले, यजमानीणबाई येईपर्यंत थांबतो."

"बोलले ते?"

"कमी बोलतात," आबा म्हणाले. "चांगले आहेत."

मंदार, तुला मी फोनवर सांगितलं की वहिनी घरात होत्या, मी खाली भाजी आणायला गेले होते, आणि दोन मिनिटांत परत आले. ते खोटं होतं. कारणही सांगते. तू बदलापूरकडच्या त्या वृद्धांच्या निवासाची चौकशी करतो आहेस, हे मला माहीत आहे. तिथे चांगली काळजी घेतात, खोल्या स्वच्छ असतात, असं तू म्हणतोस. खरं कळलं की तू म्हणशील, आईला आता झेपत नाही, आणि आबांना तिथे पाठवशील. त्या भीतीने मी खोटं बोलले. तू म्हणशील ते चूकही नसेल. दिवाळीला या आणि तुम्ही सगळे मिळून ठरवा. फक्त सगळं माहीत असताना ठरवा. आणि ठरवताना आबांना समोर बसवा, त्यांना काही कळत नाही असं धरून बोलू नका. ते मी करून पाहिलं आहे.

ईशान, तुझी मी मनापासून माफी मागते. तुझा ऑर्डॅक आता जसा आला तसा नाही. तो आबांच्या पलंगाशेजारी स्टुलावर उभा आहे. एक मूठ आहे, एक मनगट रिकामं आहे. दुसरी मूठ मी बसवून पाहणार होते, पाणीही कढत ठेवलं होतं, पण हात धजेना. झग्यावर परवा चहा सांडला, तो डाग मी काढलेला नाही. तळहात आबांकडे आहे. झोपेतही सोडत नाहीत. मी मागितला, तर म्हणाले, "त्यांनी मागितला की देईन." तू आलास की तूच माग. बहुधा तुलाही ते बसायला सांगतील, आणि पाणी देतील.

रिव्ह्यूत मी एक गुण चेहऱ्यासाठी कापला होता. तो परत दिलाय असं तुमच्या ग्रुपवर लिही.

दाराला आता बाहेरून कुलूप लागत नाही. मला जायचंच असेल तेव्हा वहिनी येऊन बसतात, नसल्या तर मी जात नाही. रिकामा खोका माळ्यावर टाकला आहे, टेप न लावता. रात्री आबांना झोप लागली की मी त्यांच्या दुसऱ्या हातापाशी बसते, डाव्या. तो बहुतेक वेळा उघडाच असतो.

या सदराचे वाचक विचारतील, मग तुमचं मत काय, कोण होतं ते? मला माहीत नाही. आबा त्या बोळात पडून होते तेव्हा त्यांचा हात धरून कोणीतरी बसलं होतं, एवढं मी सही करून सांगेन. ते कोण होतं, ते नाही सांगू शकत. कोण नव्हतं, ते मला माहीत आहे. ती ठाण्यात दुसरं पीयूष पीत होती.

— तुमची आजी